ऑनलाइन दुकानात गिऱ्हाईक टोपली भरते आणि पैसे न भरताच निघून जाते. आधी काय दुरुस्त करावे?

रातांबा (कुडाळ)

नमस्कार मंडळी.

कुडाळ तालुक्यात आमचा घरगुती प्रक्रिया उद्योग आहे. कोकम आगळ, अमृत कोकम, आमसुले, काजूगर, कुळीथ पीठ, मालवणी मसाला आणि उन्हाळ्यात आंबापोळी-फणसपोळी असा आमचा माल असतो. गिऱ्हाईक बहुतेक मुंबई, ठाणे आणि पुण्याकडचे. पूर्वी सगळा व्यवहार फोनवर आणि व्हॉट्सॲपवर चालत असे, परंतु गणपतीच्या आधीच्या दिवसांत फोन घेणे, हिशेब करणे आणि पार्सले बांधणे ही तिन्ही कामे एकाच माणसाला झेपेनाशी झाली. म्हणून भाच्याकडून एका तयार प्रणालीवर संकेतस्थळ करून घेतले.

संकेतस्थळ दिसायला नीटनेटके आहे आणि लोक तेथे येतातही. वस्तू टोपलीत टाकल्याच्या नोंदी मला दिसतात, मात्र पैसे भरून ऑर्डर पूर्ण करणारे फारच थोडे निघतात. त्यातले काही जण दुसऱ्या दिवशी फोन करून नेमका तोच माल मागतात, त्यामुळे माल किंवा भाव पसंत नाही असे म्हणता येत नाही.

खरेदीची वाट सध्या अशी आहे. गिऱ्हाइकाने प्रथम मोबाइल नंबर आणि ईमेल देऊन खाते उघडायचे व ओटीपी टाकायचा. त्यानंतर पत्त्याचा अर्ज येतो, त्यात नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव, आडनाव, घर क्रमांक, रस्ता, परिसर, शहर, जिल्हा, राज्य, पिनकोड असे स्वतंत्र रकाने आहेत. तो भरल्यावर कुरिअरचा खर्च मिळवून एकूण रक्कम दिसते, आणि शेवटी आमच्या खात्याचा क्यूआर कोड येतो. त्यावर पैसे भरून पावतीचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवायचा. माल पोहोचल्यावर रोख देण्याची सोय ठेवलेली नाही, कारण पार्सल कोणी घेतले नाही तर जाण्यायेण्याचे दोन्ही भाडे आमच्या अंगावर पडते आणि काचेच्या बाटल्या सुखरूप परततील याचा भरवसा नसतो.

गाडी नेमकी कुठे अडते हे कसे ओळखावे, आणि सगळे एकदम बदलण्याइतके पैसे हाताशी नसताना आधी कशाला हात घालावा, याबद्दल जाणकारांनी सांगावे.

किनारपट्टी (रत्नागिरी)

रातांबाताई, मी लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे तयार करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भरलेली टोपली सोडून जाणे हा प्रकार जगभर चालतो. डेन्मार्कची बेमार्ड ही संस्था याविषयीच्या अनेक पाहण्या एकत्र करून सरासरी काढते, आणि ती सुमारे ७० टक्के येते. यातले पुष्कळ लोक नुसता भाव बघायला आलेले असतात. त्यांना अडवण्याचा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. तुमच्याकडची गोष्ट निराळी आहे. जो माणूस दुसऱ्या दिवशी फोन करून तोच माल मागतो, त्याला तो घ्यायचाच होता आणि दुकानाने घेऊ दिला नाही. काम करायचे ते याच माणसासाठी.

सर्वांत मोठी अडचण मला शेवटच्या पायरीवर दिसते. गिऱ्हाईक दुकान उघडते मोबाइलवर, आणि क्यूआर कोडही त्याच मोबाइलच्या पडद्यावर उमटतो. आता तो स्कॅन करायचा कशाने? घरात दुसरा फोन मोकळा असेल तर ठीक, नाहीतर त्या बिचाऱ्याने कोडचा स्क्रीनशॉट काढायचा, यूपीआयचे ॲप उघडून गॅलरीतून तो निवडायचा, रक्कम आठवून हाताने टाकायची, पैसे भरायचे, पुन्हा पावतीचा स्क्रीनशॉट काढायचा आणि तो तुम्हाला पाठवून उत्तराची वाट बघत बसायचे. एवढे सोपस्कार करण्यापेक्षा तुम्हाला फोन करणे सोपे आहे आणि लोक तेच करत आहेत. यावर उपाय म्हणून पेमेंट गेटवे, म्हणजे दुकानाच्या वतीने ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा, घ्या. बटण दाबताच फोनमधले यूपीआय ॲप रक्कम भरलेल्या स्थितीत उघडते आणि गिऱ्हाइकाला केवळ पिन टाकायचा राहतो. क्यूआर कोड संगणकावरून खरेदी करणाऱ्यांपुरता ठेवावा. गेटवेवाले साधारणतः व्यवहारामागे दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क आणि त्यावर जीएसटी घेतात. यूपीआयचा दर बऱ्याच ठिकाणी वेगळा असतो, तेव्हा तो आधी विचारून घ्यावा.

गेटवे जोडताना भाच्याला एक गोष्ट आवर्जून विचारा. पैसे भरून गिऱ्हाईक दुकानाच्या पानावर परतण्याच्या आत नेट गेले, तर ऑर्डरची नोंद होते का? पावसाळ्यात गावी आलेल्या माणसाला घाटात किंवा वाडीवर हा अनुभव हमखास येतो. ऑर्डरची नोंद गिऱ्हाइकाच्या ब्राउझरने परत येण्यावर अवलंबून असता कामा नये. गेटवेकडून थेट तुमच्या सर्व्हरला निरोप येण्याची सोय असते, तिला वेबहुक म्हणतात. ती चालू असली पाहिजे. व्यवहार फसला तरी टोपली आणि भरलेला पत्ता जसाच्या तसा राहिला पाहिजे, आणि त्या पानावर पैशांचे पुढे काय होणार हे लिहिलेले असावे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण दुकानाला ती मिळाल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यावी लागते, आणि त्याहून उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हे एक वाक्य वाचले की घाबरलेला माणूस पुष्कळसा निवळतो.

दुसरे काम म्हणजे खाते उघडण्याची सक्ती काढणे. पाव किलो मसाला घेण्यासाठी कोणी सभासद होत नाही. मोबाइल नंबर पुरेसा आहे, कारण कुरिअरवाल्याला तोच लागतो. ईमेल ऐच्छिक करा. ऑर्डर पूर्ण झाल्यावर, पुढच्या वेळेसाठी पत्ता जपून ठेवू का, एवढे विचारले की काम भागते. पत्त्याच्या अर्जातही काटछाट करा. नावाला एकच रकाना, पत्त्याला एक मोठा रकाना आणि पिनकोड इतके बस्स आहे. टपाल खात्याने १९७२ साली पिनकोड आणला तो गावांच्या नावांचा घोळ टाळण्यासाठीच, तेव्हा पिनकोड मिळाल्यावर जिल्हा आणि राज्य गिऱ्हाइकाकडून पुन्हा लिहून घेण्याचे कारण नाही. ते आपोआप भरून यावे. मात्र एका पिनकोडाखाली अनेक गावे येत असल्यामुळे गावाचे नाव बदलण्याची मुभा ठेवावी. वडिलांचे अथवा पतीचे नाव तर पार्सलाला लागतच नाही. जी माहिती माल पोहोचवण्यासाठी नको, ती मागू नये. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे.

गाडी कुठे अडते हे ओळखण्यासाठी टोपली, पत्ता आणि पैसे या तीन पानांवर किती जण पोहोचले एवढे आकडे भाच्याला काढायला सांगा. ज्या दोन पानांमध्ये सर्वांत मोठी गळती असेल तिथे दोष आहे. सगळे पहिल्याच पानावरून परतत असतील तर फोटोंचे वजन तपासा. मोबाइलने काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो तसाच चढवला की पान उघडता उघडत नाही. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असा गूगलचा दंडक आहे. फोटो लहान करून वेबपी प्रकारात चढवले तर दीडशे केबीतही चांगले दिसतात.

चाकरमानी (डोंबिवली)

मी संकेतस्थळे करणारा नाही, गिऱ्हाईक आहे. गाव मालवणजवळ, राहणे डोंबिवलीत, त्यामुळे अशा दुकानांतून मी वरचेवर मागवत असतो. वरच्या उत्तरात तांत्रिक बाजू आलीच आहे. माझा हात पैसे भरताना का आखडतो ते सांगतो.

यूपीआयने पैसे भरताना पडद्यावर घेणाऱ्याचे नाव येते. दुकानाचे नाव एक आणि तिथे उमटते भलत्याच व्यक्तीचे नाव, असे झाले की मी थांबतो. ते नाव मालकाचे किंवा त्याच्या मुलाचे असेलही, पण मला डोंबिवलीत बसून ते कसे कळणार? फसवणुकीच्या बातम्या रोज वाचणारा माणूस अशा वेळी पैसे भरत नाही, फोन करून आवाज ऐकतो. तुमच्या त्या फोनांपैकी काही यामुळेच येत असावेत. दुकानाच्या नावाने चालू खाते असेल तर उत्तम, नसेल तर पैसे भरण्याच्या बटणाजवळच, घेणाऱ्याचे नाव अमुक दिसेल, असे स्पष्ट लिहावे. तुमचा पूर्ण पत्ता आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांकही पानाच्या तळाशी लपवून न ठेवता वाचता येईल अशा अक्षरात असावा. तुमच्या कामाच्या जागेचा एखादा साधा फोटो असेल तर फारच बरे.

दुसरे म्हणजे मालाचे वर्णन. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा दाट रस आणि अमृत कोकम म्हणजे साखरेच्या पाकातले, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. माझे शेजारी नागपूरकडचे आहेत. त्यांनी एका दुकानातून आगळाची बाटली मागवली, दोन चमचे ग्लासात घालून वर गार पाणी आणि साखर ओतली, आणि एक घोट घेऊन चेहरा असा केला की त्यांच्या घरात कोकमाचे नाव पुन्हा निघाले नाही. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच गडद तांबड्या असतात. नावाच्या लगेच खाली, मोठ्या अक्षरात, एकीवर सोलकढीसाठी, खारट, आणि दुसरीवर सरबतासाठी, गोड, इतके लिहिले तरी काम होईल.

काजूगरांचेही तसेच. पुष्कळ दुकाने डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० एवढेच लिहून मोकळी होतात. एका पौंडात साधारण तितके गर भरतात, म्हणजे आकडा वाढला की गर लहान होतो, हे व्यापाऱ्याला पाठ असते. गिऱ्हाईक मात्र मोठा आकडा पाहून तोच माल सरस समजते. गर तळहातावर ठेवून काढलेला फोटो आणि अख्खा, पाकळी, तुकडा, सालासकट असे साधे शब्द असले की मला विचारायला फोन करावा लागत नाही.

अढी (देवगड)

आम्ही आंबा बागायतदार आहोत आणि काही हंगामांपासून पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवतो. आंब्याचा व्यवहार आगळापेक्षा नाजूक आहे, तरी त्यातले काही तुमच्या उपयोगी पडेल.

गिऱ्हाईक टोपलीपर्यंत येते आणि तिथे त्याच्या मनात एखादा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर पानावर सापडले तर ते पुढे जाते, नाहीतर फोन उचलते किंवा निघून जाते. म्हणून हंगामात फोनजवळ एक वही ठेवावी आणि लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. आमच्या वहीत सगळ्यांत अधिक वेळा आलेला प्रश्न भावाविषयी नव्हता. आंबा कधी खाता येईल, हे लोक विचारत. फळ काढल्यावर अढीत पिकायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात, आम्ही ते कच्चे पाठवतो, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर असते अक्षय्य तृतीया. त्यामुळे आमच्या पानावर आता पाठवण्याची तारीख विचारलीच जात नाही. खायचा आठवडा निवडायचा आणि पेटी त्याआधी किती दिवस निघेल ते आम्ही खाली लिहितो. त्या आठवड्याची फळे संपली की तो आठवडा निवडताच येत नाही. नेमकी तारीख मात्र आम्ही देत नाही, कारण अवकाळी पाऊस झाला तर काढणी पुढे जाते, आणि न पाळता येणारा शब्द देण्यापेक्षा चार दिवसांचा अदमास दिलेला गिऱ्हाइकाला चालतो.

पिनकोड आम्ही शेवटी न विचारता मालाच्या पानावर अगदी सुरुवातीला विचारतो. ज्या ठिकाणी पेटी तीन दिवसांत पोहोचत नाही तिथे आम्ही आंबा पाठवत नाही, आणि सगळा अर्ज भरून झाल्यावर नाही म्हणण्यापेक्षा ते पहिल्याच ओळीत सांगितलेले बरे. तुमच्या मालाला तीन दिवसांची अट नाही, पण पिनकोड आधी घेतलात तर कुरिअरचा खर्च आणि पोहोचण्याचा दिवस दोन्ही टोपलीच्या आधीच दाखवता येतील.

आणि परतीचा नियम. माल खराब निघाल्यास आमच्याशी संपर्क साधावा, असे सगळेच लिहितात. त्यातून कोणालाच काही कळत नाही. आंब्यात साका हा दोष असा की फळ बाहेरून निर्मळ दिसते आणि कापल्यावर आत पांढरट, पोकळ गर निघतो. तो आम्हालाही आधी दिसत नाही. म्हणून आम्ही लिहून ठेवले आहे की कापलेल्या फळाचा फोटो चोवीस तासांत पाठवावा, तेवढ्या फळांचे पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत जातील, आणि फळ आम्हाला परत पाठवण्याची गरज नाही. गैरफायदा घेणारे भेटतात, परंतु फार थोडे. तुम्हाला काचेची बाटली फुटली तर काय, याचे उत्तर असेच ठामपणे लिहावे लागेल, आणि ते नियम व अटींच्या पानात न पुरता बाटलीच्या फोटोखालीच यायला हवे.

जाता जाता आणखी एक. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. आम्ही आमचा नोंदणी क्रमांक पेटीच्या फोटोशेजारी देतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही मानांकन आहे, तेव्हा तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल तर तो क्रमांक जरूर दाखवा. परराज्यातला माल आपल्या नावाने विकला जात असताना गिऱ्हाइकाला धरायला काहीतरी हवे.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

वरील सर्व सूचना योग्य आहेत, तरी थोडे उलटे बोलतो. फोनवर ऑर्डर देणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला संकेतस्थळाकडे ढकलण्याचा अट्टहास करू नये. त्यातले अनेक जण साठीच्या पुढचे असतात, त्यांना गेल्या वेळचाच मसाला हवा असतो आणि पाऊसपाण्याची विचारपूसही करायची असते. त्यांच्यासाठी तुम्हीच ऑर्डर नोंदवा आणि रक्कम भरलेली पेमेंट लिंक पाठवा; बहुतेक गेटवेंमध्ये ही सोय असते. म्हणजे स्क्रीनशॉट तपासत बसण्याचे काम वाचते आणि हिशेब एकाच जागी राहतो. फोन नंबर दुकानाच्या प्रत्येक पानावर असावा, वेळ लिहून. रात्री अकराला कोणी फोन करणार नाही, आणि केलाच तर तुम्ही उचलला नाही याचा राग धरणार नाही.

रातांबा (कुडाळ)

सर्वांचे मनापासून आभार. गळतीचे आकडे भाच्याने काढले. सर्वाधिक लोक पत्ता भरल्यानंतर एकूण रक्कम पाहून थांबतात, आणि त्याखालोखाल क्यूआर कोडपाशी. क्यूआर कोडचे समजले, गेटवेसाठी अर्ज केला आहे. पण कुरिअरच्या खर्चाचे काय करावे ते सुचत नाही. अर्धा किलो कुळीथ पिठाला जवळजवळ पिठाइतकेच भाडे लागते. भाडे मालाच्या किमतीत मिळवून ‘घरपोच मोफत’ असे लिहावे का? भाच्याचे असेही म्हणणे आहे की पानावर ‘फक्त दोनच शिल्लक’ आणि उलटे धावणारे घड्याळ लावले, तसेच भेटवस्तूच्या वेष्टनाचे पन्नास रुपये आधीच टिक करून ठेवले, तर विक्री वाढते. मला ते मनाला पटत नाही, पण मोठी दुकाने असे करताना दिसतात.

तराजू (सावंतवाडी)

ताई, तुमच्या मनाला पटत नाही ते कायद्यालाही पटत नाही. मी कर सल्लागार आहे आणि लहान उद्योगांची परवान्यांची कामे पाहतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे गिऱ्हाइकाची संमती आपोआप धरता येत नाही आणि आधीच टिक केलेल्या चौकटींचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. पुढे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात तेरा प्रकार नमूद आहेत. खोटी घाई निर्माण करणे, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणे आणि किंमत थोडी थोडी करून शेवटी उघड करणे हे तिन्ही त्यात येतात. दोनच बाटल्या खरोखर उरल्या असतील तर तसे जरूर लिहा. पिंप भरून आगळ असताना दोन शिल्लक म्हणू नये. मोठी दुकाने करतात म्हणून आपण करावे हे कारण तर अधिकाऱ्यासमोर मुळीच चालत नाही. त्याच २०२० च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करावे लागते. तुमच्याकडे तो अधिकारी तुम्हीच.

आता भाडे. किंमत वाढवून घरपोच मोफत म्हणायला हरकत नाही, परंतु पाकिटावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीच्या वर तुम्हाला जाता येत नाही. म्हणजे नवीन लेबले छापावी लागतील, आणि मग तोच माल कुडाळच्या बाजारात शेजारच्या दुकानापेक्षा महाग दिसेल. दोन्हीकडे विकणाऱ्याला हा मार्ग अडचणीचा ठरतो.

त्याऐवजी भाडे कसे बसते ते पाहा. कुरिअर कंपन्या बहुधा अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी आकारणी करतात. तुमचे अर्धा किलो पीठ खोक्यात घातले की वजन अर्ध्या किलोच्या वर जाते आणि पुढच्या टप्प्याचे भाडे लागते. म्हणजे गिऱ्हाईक एक किलोचे भाडे देऊन जेमतेम सहाशे ग्रॅमचे पार्सल मागवत असते. त्याच भाड्यात तीन-साडेतीनशे ग्रॅम माल आणखी जाऊ शकतो. ही गोष्ट टोपलीतच लिहा: याच खर्चात आणखी ३५० ग्रॅम माल पाठवता येईल, आणि खाली मसाल्याचे व आमसुलांचे पाव किलोचे पाकीट दाखवा. यात लबाडी नाही आणि गिऱ्हाइकाला भाडे वसूल झाल्याचे समाधान मिळते. फणसपोळीसारख्या हलक्या मालाला मात्र खोक्याचे आकारमान आडवे येते. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक कंपन्या ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल तर भाडे त्यावर लावतात. ३० बाय २० बाय १५ चे खोके आत कितीही हलका माल असला तरी १.८ किलोचे धरले जाते. एकच मोठे खोके सगळ्या मालाला वापरत असाल तर आधी दोन-तीन मापांची खोकी करून घ्या, त्यात तुमचेच पैसे वाचतील.

भाडे शेवटच्या पायरीवर न दाखवता, वर देवगडकरांनी सांगितल्याप्रमाणे पिनकोड आधी घेऊन मालाच्या किमतीशेजारीच दाखवावे. आकडा तोच असला तरी आधी कळलेल्या खर्चावर लोक नाक मुरडतात आणि देतात. शेवटी कळलेल्या खर्चावर उठून जातात. वजनमापे आणि वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे निव्वळ वजन, कमाल किंमत आणि उत्पादकाचे नाव-पत्ता संकेतस्थळावरही द्यावे लागते, तेव्हा ती ओळ त्याच जागी बसवून टाका.

रातांबा (कुडाळ)

भाडे आता मालाच्या पानावर आणले आहे आणि खाते उघडण्याची सक्ती काढली आहे. अर्जही लहान केला. काल शेजारच्या काकूंना फोन हातात देऊन एक आमसुलांचे पाकीट मागवायला सांगितले आणि मी गप्प बसून पाहत राहिले. त्यांनी पत्ता मराठी कीबोर्डवर लिहिला आणि त्याच ओघात पिनकोड देवनागरी अंकांत टाकला. अर्ज पुन्हा पुन्हा लाल होऊन ‘इनव्हॅलिड’ म्हणत होता आणि काकू तेच सहा अंक पुन्हा पुन्हा टाकत होत्या. हे दुरुस्त होते का?

किनारपट्टी (रत्नागिरी)

होते, आणि फार सोपे आहे. आलेल्या मजकुरातले देवनागरी अंक आतल्या आत इंग्रजी अंकांत बदलून मगच तपासायचे, एवढे दोन ओळींचे काम आहे. मोबाइल नंबरालाही तेच लावा. शिवाय सुरुवातीचे शून्य, +९१ आणि मधल्या मोकळ्या जागा आपण होऊन काढून टाकाव्यात, त्यासाठी गिऱ्हाइकाला दोष देऊ नये. पिनकोड आणि मोबाइलच्या रकान्याला अंकांचा कीबोर्ड उघडेल अशी खूण भाच्याला करायला सांगा, म्हणजे भाषा बदलण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी उरत नाही. ‘इनव्हॅलिड’ काढून ‘पिनकोड सहा अंकी हवा’ असे मराठीत आणि त्या रकान्याच्या अगदी खाली लिहा. पत्ता देवनागरीत आला तर मात्र कुरिअरच्या लेबलवर तो इंग्रजीत लागेल. तो यंत्राकडून लिप्यंतरित करून घ्या, पण पाठवण्यापूर्वी स्वतः एकदा वाचा, कारण वाडीचे आणि इमारतीचे नाव यंत्र हमखास बिघडवते.

काकूंसारख्या आणखी चौघींना असेच बसवा. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडले होते की पाच माणसांच्या चाचणीत बहुतेक अडचणी उघड होतात. मात्र पुढच्या खेपेला पाकिटाऐवजी दोन बाटल्या आणि एक भेट दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवायला सांगा. पैसे देणारा एक आणि घेणारा दुसरा असला की तुमच्या अर्जात कोणाचा मोबाइल नंबर जातो, ते त्या वेळी कळेल.